वाडी हद्दीत आली

परवा दुपारी शेजारच्या सुमनकाकूंच्या कडब्याच्या गंजीने पेट घेतला. मी अग्निशमन केंद्राला फोन लावला आणि वाडीचं नाव सांगून आधीच विनवू लागले, "साहेब, वाडी हद्दीबाहेर आहे, पण..."

"बाई, नव्या कायद्याने तुमची वाडी आता आमच्याच हद्दीत आलीय. रस्ता कुठून, तेवढं सांगा."

मागच्या आगीत हद्दीची बोलणी होईपर्यंत काकूंचा गोठा जळून गेला होता. या वेळी गाडी वेळेवर आली. अर्धी गंजी गेली, पण गंजीलगत बांधलेल्या म्हशी वाचल्या. दूर विधानसभेत ज्यांनी कुणी नकाशावरची रेघ सरकवली, त्यांना आमच्या वाडीचं नावही ठाऊक नसेल.

काकू एका म्हशीच्या पाठीवरची राख पदराने पुसत राहिल्या आणि मग तिच्या मानेवर डोकं टेकून पोटभर रडल्या.