पाटावर बसलेलं यंत्र

पोलादपूरजवळ बोगद्याचं काम निघालं आणि सुरुंगाच्या बारांनी जमीन किती हलते हे मोजायची नोकरी मला मिळाली. ज्या डोंगराच्या पोटात बार उडत, त्याच्याच पाठीवर आमची वाडी. बार झाला की थोरल्या वहिनीच्या मांडणीवरची भांडी खणखणत आणि मागच्या भिंतीची भेग रुंदावे. पावसाआधी बार लहान झाले नाहीत, तर ती भिंत जाणार होती. पगार मात्र मी त्याच बोगद्याचा घेत होतो.

म्हणून यंत्र लावायला गेलो तेव्हा मी घरात पाऊलच टाकलं नाही. मुठीएवढं यंत्र, त्याला खाली खिळे. ते अंगणात रोवलं, वायर जोडली, चहाला नको म्हणालो आणि महाडला परतलो.

नोंद आली ती नुसती वेडीवाकडी. साहेब हसले, "त्या वाडीत रोजच भूकंप होतो का रे?" असल्या नोंदीवर काम बदलता येणार नव्हतं.

पुन्हा गेलो. यंत्र पडवीत पाटावर बसलेलं, पुसून लख्ख, वर हळदकुंकू.

"भावजी, कोंबड्या चोची मारीत व्हत्या," वहिनी म्हणाली. "घरी आलेल्याला पाट द्यायचा नाय काय? तुम्ही तर बसलात पण नाय."

ते शेवटचं वाक्य लागलं. यंत्राने त्या डुगडुगत्या पाटाचं हलणं मोजलं होतं. या खेपेला मी आत गेलो, चहा घेतला, भेगेत बोट घालून पाहिलं. लाट जमिनीतून येते, यंत्र जमिनीला घट्ट धरून असलं तरच त्याला ती कळते, हे वहिनीला सांगितलं.

"मंग हे आधी सांगायला तोंड नव्हतं?"

नव्हतंच.

यंत्र जोत्याच्या दगडाला पक्कं चिकटवलं. वहिनी घरोघर सांगून आली, बाराआधीचा भोंगा झाला की कोणी हलायचं नाय. कांडण थांबलं, गिरणी थांबली. खोकणाऱ्या शेजाऱ्याला तिने दम दिला, "खोकलास तर बघ!" भोंगा झाला. तळपायाला आधी एक ठोका जाणवला, मग संथ हेलकावा.

नोंद स्वच्छ आली. एका बारात खडकातली दारू भरलेली अनेक भोकं पाठोपाठ उडतात. आमच्या भुसभुशीत मातीत आधीच्या भोकाची लाट विरण्याआधीच पुढची तिच्यावर चढत होती. हादरा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला होता.

पाटाचा घोळ मी साहेबांना सांगितला होता. त्यांनी नोंद बारकाईने पाहिली. "पुन्हा पाटावर नाही ना?"

"दगडावर आहे, साहेब. आणि घर माझ्या वहिनीचं आहे." हे मी तिथे पहिल्यांदाच बोललो.

भोकांतली दारू कमी झाली, दोन भोकं उडण्यामधला वेळ वाढला. पुढच्या बाराला मी वहिनीच्या चुलीपाशी उभा होतो. मांडणीवर काठोकाठ भरलेला तांब्या. भोंगा झाला. पाणी जरासं शहारलं, थेंबही सांडला नाही. वहिनीने भिंतीवरचा हात काढला आणि अंगणात जाऊन ओरडली, "ऐकलंत काय गो? भांडी गप बसली!"

पावसाआधी भेग बुजवली. सिमेंट मी कालवलं. त्या पावसात भिंत जागची हलली नाही, आणि मी आता गेलो की त्याच पाटावर बसतो. तो अजून डुगडुगतो.