जवळचं घर आणि लांबची बस

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी नवऱ्याशी जे काही बोलले ते बसमध्ये बोलले. आता हे सांगितलं की माझी मुलगी हसते. पण घाटकोपरच्या चाळीत एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो: सासूबाई, धाकटा दीर, नवरा आणि मी. सासरे गिरणीत होते, ते माझ्या लग्नाआधीच गेले. खोलीत मधोमध एक पडदा होता आणि नावापुरताच होता. अलीकडे मी कूस बदलली तरी पलीकडून सासूबाई विचारायच्या, "झोप येणा नाय काय गो?" अशा खोलीत नवराबायको काय बोलणार? "अहो, पाणी तापलंय." "अहो, रॉकेल संपत आलंय." झाला संवाद.

नशीब एवढंच की दोघांच्याही नोकऱ्या अंधेरीला होत्या. मी एका औषधांच्या कंपनीत टायपिस्ट होते आणि तो जवळच्याच एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता. घाटकोपर स्टेशनजवळून अंधेरीची बस सुटायची, तिथंच आम्ही चढायचो, म्हणजे शेजारी शेजारी जागा मिळायची. बायकांच्या राखीव सीटा पुढे, डाव्या हाताला. मी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता मागे जाऊन त्याच्याशेजारी बसायची. एकदा कंडक्टर म्हणाला, "ताई, पुढे लेडीज सीट रिकामी आहे." मी म्हटलं, "असू दे, मला इथंच बरं आहे." आख्खी बस मागे वळून बघायला लागली. नवरा खिडकीबाहेर बघत बसला. मला काही लाज वाटली नाही, माझा स्वभावच नाही तो.

असल्फा येईपर्यंत घरचं बोलणं उरकायचं आणि साकीनाक्याला बस तुंबली की खरं बोलणं सुरू व्हायचं. बाकीचे लोक च्‌ च्‌ करत घड्याळ बघायचे, आम्ही आपले खुशीत. बसमध्ये तो 'अहो' नव्हता, 'अरे' होता. मला इतक्यात मूल नको, हे मी त्याला बसमध्ये सांगितलं. त्याला रात्रीच्या वर्गाला जाऊन डिप्लोमा पुरा करायचाय, हे त्याने मला बसमध्येच सांगितलं. भांडायचोसुद्धा, पण हळू आवाजात, दोघंही समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत. दांडीशी भांडतोय असं वाटावं.

संध्याकाळी परतताना चाळीच्या वळणावर आमची फारकत व्हायची. दोघांनी हसत-बोलत चाळीत शिरणं बरं दिसायचं नाही. वळणावर पानवाल्याची टपरी होती. तो तिथं थांबायचा, मी पुढे व्हायची. जरा वेळाने तो घरात शिरला की मी विचारायची, "अहो, आज उशीर झाला?" सासूबाई तांदूळ निवडत असायच्या, त्या मान वर करायच्या नाहीत. नवरा पान खात नसे, पण बिचारा पानवाला त्याला बघितलं की न विचारता बडीशेप पुढे करायचा.

दिराचं लग्न ठरलं तेव्हा जागा बघणं भाग पडलं. एका खोलीत दोन पडदे लागत नाहीत. दोन जागा हाताशी होत्या. एक अंधेरीला, एका बैठ्या घराच्या मागच्या अंगाची खोली. दोघांनाही ऑफिसला चालत जाता येईल इतकी जवळ. पण भिंतींना ओल होती आणि एकुलती एक खिडकी शेजारच्याच्या भिंतीवर उघडत होती. दुसरी मुलुंडला, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, बाल्कनी, बाल्कनीसमोर डोंगर आणि स्वयंपाकघरात स्वतःचा नळ. भाडं दोन्हीकडे जवळपास सारखंच. फरक होता तो बसचा. मुलुंडहून पवईमार्गे अंधेरी म्हणजे घाटकोपरपेक्षाही लांबचा पल्ला.

"रोजचा सगळा वेळ वाचेल यार," नवरा म्हणाला. "तो वेळ आपला. आपलं दार, आपली कडी. विचार कर ना." हेही तो बसमध्येच म्हणाला. मी विचार केला आणि मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

सासूबाईंना अंधेरीची खोली दाखवायला नेलं. त्या उंबऱ्यातच थांबल्या. "दिवसाढवळ्या दिवो लावूचो लागता हय," म्हणाल्या.

"पण ऑफिस जवळ आहे ना, आई," मी म्हटलं.

"ऑफिसात रवाचा आसा काय घरात?"

कोकणातल्या माणसाला अंगण नसलं की घर आवडत नाही, अशी आम्ही आमची समजूत काढली आणि अंधेरीला बिऱ्हाड केलं.

पहिल्या संध्याकाळी दाराला कडी घातली. मी चहा केला. समोरासमोर बसलो. पडदा नाही, दीर नाही, सासूबाई नाहीत. आता मनात येईल ते बोलावं. आणि मी काय बोलले, तर "अहो, साखर बरोबर आहे ना?" तो म्हणाला, "हो." मग आम्ही दोघंही हसलो. नवेपणा आहे, होईल सवय, असं वाटलं.

सवय झाली, पण न बोलण्याची. वाचलेला वेळ आमच्या वाट्याला आलाच नाही. नवरा जवळ राहतो हे त्याच्या साहेबाला कळलं आणि "तुम्ही काय, इथलेच," म्हणत त्याने त्याला रोज उशिरापर्यंत थांबवायला सुरुवात केली. मी दुपारच्या सुट्टीत घरी येऊन पाणी भरायची, कपडे भिजवायची. संध्याकाळी तो आला की दिव्याच्या पिवळ्या उजेडात आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत जेवायचो. समोरासमोर बसून बोललेलं प्रत्येक वाक्य तक्रारीसारखं वाटायचं. "भाजी बरी झालीय" म्हटलं तरी काल बरी नव्हती की काय, असं माझ्या मनात यायचं. डिप्लोम्याचं काय झालं हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मला भीती वाटायला लागली. आम्हाला एकमेकांची आवड होती की नुसती बसची? ती तर सुटली, मग आता जन्मभर अशीच साखर विचारत बसायची का? हे कोणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, मारत नाही, पीत नाही, मग तुला झालंय काय?

करार अकरा महिन्यांचा होता. तो संपला की मालक महिनाभर खोली रिकामी करून घ्यायचा, स्वतःचं कुलूप लावायचा आणि मग नवा करार करायचा. मुंबईत तेव्हा सगळे मालक तेच करायचे. भाडेकरू कायमचा चिकटून बसेल ही धास्ती. आम्ही टेम्पोत भांडीकुंडी घालून महिन्यासाठी घाटकोपरला परतलो. आता तिथं जाऊही आली होती. आम्ही तिघी बायका आत आणि दोघे भाऊ बाहेर गॅलरीत, अशी झोपायची सोय केली.

सोमवारी सकाळी तो बसमध्ये मागे जाऊन बसला. मीही गेले. असल्फा मागे पडलं. मग समोरच्या दांडीकडे बघत तो म्हणाला, "मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीयस."

"कधी?"

"तिथं गेल्यापासून."

"आणि मला वाटलं, तू रागावलायस."

मला रडूच आलं. तो पुटपुटला, "अगं, लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत." साकीनाक्याला बस तुंबली ती तुंबलीच, आणि त्याने डिप्लोमा सोडून दिल्याचं मला तिथं कळलं. का सोडला तेही कळलं. मी त्याला यथेच्छ झापलं. फार बरं वाटलं, दोघांनाही.

संध्याकाळी बोलण्याच्या नादात पानवाल्याची टपरी कधी मागे पडली ते समजलंच नाही. तसेच बोलत थेट दारात पोचलो. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. या वेळी त्यांनी मान वर केली. जेवताना नवरा म्हणाला, पुढच्या महिन्यात अंधेरीचा करार पुन्हा करू. त्या म्हणाल्या, "मुलुंडची जागा गेली काय रे?"

"ती लांब आहे, आई."

"लांबचीच घे."

मुलुंडची ती जागा गेली होती, पण त्याच रस्त्यावर दुसरी मिळाली. बोरिवलीला याहून मोठी मिळत होती, पण तिथून गाडीने यायचं म्हणजे मी बायकांच्या डब्यात आणि हा पुरुषांच्या. नको म्हटलं. ऑफिसातले लोक हसले. अंधेरीला नोकरी, अंधेरीतली खोली सोडून मुलुंडला घर? वाट लागली यांची. मी म्हटलं, उजेड चांगला आहे.

सासूबाई तिकडे राहायला आल्या तेव्हा दोन दिवस बाल्कनीतून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रविवार होता. म्हणाल्या, "तुमची ती बस माका दाखवा." कुठं जायचं विचारलं तर म्हणाल्या, खय नाय, बसमध्येच बसूचा आसा. तिघंही निघालो. त्यांना खिडकीशी बसवलं, मी शेजारी, नवरा मागच्या सीटवर. पवईचा तलाव लागला तशा त्या खिडकीकडे वळल्या. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "पानवाल्याकडे उभो रवायचो तो माका गॅलरीतसून दिसायचो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग कधी बोलला नाहीत ते?"

"कित्याक बोलतलंय? बरा वाटायचा माका." पुढे म्हणाल्या, "तुझो सासरो कधी दिसपाळीक, कधी रातपाळीक. खोलयेत धा माणसा. येवढो संसार झालो, पण तेच्या मनात काय होता ता माका कळलाच नाय गो. आमका बस गावली नाय."

मग त्या बोलायला लागल्या. सासऱ्यांना पोहायला आवडायचं, ते गावी खाडीत तासन्‌तास पोहायचे आणि मुंबईत पाण्याकडे फिरकले नाहीत, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मागे बसलेल्या त्यांच्या मुलानेही पहिल्यांदाच ऐकलं. अंधेरी आली, बस रिकामी झाली, तरी त्यांचं बोलणं चालूच होतं आणि बघणं खिडकीबाहेरच होतं. मी कंडक्टरकडे मुलुंडची तीन तिकिटं मागितली.