गोळ्यांआधीचा पत्ता

अंबरनाथ पश्चिमेला माझं मेडिकल आहे. एक काका दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. आधी डोळे मिटून स्वतःचा पत्ता खडाखडा म्हणतात: बिल्डिंग, विंग, मजला, खोली नंबर. मग गोळ्या मागतात.

एकदा म्हणाले, "आई शेवटी मलाच ओळखत नव्हती. मावशीचंही तेच. रक्तातलं कुठे बदलता येतं? विसरणं लांबवायला प्रेशर ताब्यात ठेवणं, तेवढं हातात आहे. आणि हे बघा, मी अडलो तरी तुम्ही सांगायचं नाही हं."

परवा ते पत्ता म्हणताना मजल्यापर्यंत आले आणि थांबले. बोटं काउंटरवर वाजत राहिली. मागची गिऱ्हाईकं चुळबुळ करू लागली. खोली नंबर मला तोंडपाठ होता.

काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी वाचत राहिलो.