विहिरीतला मोती

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोटारीच्या पाइपाचं तोंड साफ केलं. शेवाळ अडकलं होतं. मी कमरेला दोर बांधून विहिरीत उतरलो. वर बायकोनं दोराचे दोन वेढे लिंबाच्या खोडाला मारले अन् सुटं टोक हातात धरलं. चाळीस वर्षं हे असंच चाललं. पोरगी म्हणायची, बाबा, एखादा गडी लावा. पण दुसऱ्याच्या हातात दोर द्यायला माझं मन घेत नव्हतं.

"सापडला का मोती?" तिनं वरून विचारलं.

हे पण चाळीस वर्षांचंच. लग्नानंतर दुसऱ्या साली ती वाकून पाणी ओढत होती, तवा नथीतला मधला मोती निसटून विहिरीत गेला. तेव्हापासून मी खाली गेलो की ती विचारायचीच.

"बेडूक सापडला. नथीत बसवू का?"

"बसवा. तुमच्यापेक्षा कमीच वरडंल."

आठव्या दिवशी भाकरी थापता थापता ती बसल्या जागी गेली. तव्यावरची भाकरी जळाली, तेव्हा मला कळलं.

नवऱ्याआधी गेलेली बाई, म्हणून हिरवं लुगडं, चुडा, मळवट, सगळं झालं. नथ मात्र घातली न्हाई. मोडका दागिना घालून सवाष्ण पाठवू नये, असं बायका म्हणल्या. मी गप बसलो. तिथं मी चुकलो. बिननथीची गेली ती.

पित्रपाटातल्या नवमीला अशा बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. यंदा पोरगीच पाटावर बसणार होती. तिला आईची नथ द्यायची अन् ती पुरी करून द्यायची, एवढं एकच मी धरून बसलो.

सेनगावचा सोनार कितीदा म्हणला होता, दुसरा लावून देतो. ती न्हाई म्हणायची. "लावायचा तर समुद्रातून काढलेला लावा. दुकानातला नको." रामेश्वर करून आलेल्या बायांनी तिला सांगितलं होतं की वाटेवर एक गाव हाय, तिथं माणसं बुड्या मारून मोती काढतात. म्हणून तर यात्रेच्या बसमधी आमी दोन जागा धरल्या होत्या. मी एकटाच गेलो. तिच्या जागेवर माझी पिशवी ठेवली. कुणी टेकायला आलं की सांगायचो, भरलेली हाय.

चौथ्या दिवशी त्या गावात मुक्काम पडला. रस्ता संपला की गाव अन् गाव संपलं की पाणी. ताडाची झाडं, वाळू, अंगाला चिकटलेला सदरा. आमच्याकडं घरामागं कापसाच्या पऱ्हाट्या रचलेल्या असतात, तसे तिथं शिंपल्यांचे ढीग. सुक्या मासळीच्या वासानं बसमधल्या माळकऱ्यांनी नाकाला उपरणं लावलं ते काढलंच न्हाई. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. पाय सुजले होते.

मोत्याचं एक दुकान दिसलं. नथ काढून दाखवली. दुकानदारानं जागेचं माप घेतलं अन् बराबर तेवढा मोती चिमट्यात धरला.

"असली है?" मी विचारलं.

"एकदम असली. हैदराबाद का माल."

हैदराबाद आमच्या घरापासून एका दिवसाची वाट. आमच्या जवळा बाजार गावातली अर्धी माणसं तिकडं जाऊन येतात. अन् मी चार दिवस बसमधी हाडं मोडून इथं आलो होतो, हैदराबादचा मोती घ्यायला. ती असती तर पोट धरून हसली असती. मी नथ गुंडाळली अन् बाहेर पडलो.

किनाऱ्यावर एक म्हातारा शंख निवडत बसला होता. माझ्याच वयाचा, थोडा जास्तच. जवानीत मुंबईच्या गोदीत राबलेला, म्हणून मोडकंतोडकं हिंदी येत होतं. मी नथीतली मोकळी जागा दाखवली. त्यानं हात झाडले.

"मोती खतम, भाई. बाप निकालता था. मैं तो बस शंख."

त्याच्या बापाचं मोती काढणं बंद होऊन जमाना झाला होता. पण बुडी तीच. पायाला दगड, कमरेला दोर. दोर बायकोच्या भावानंच धरायचा. दुसरा कुणी चालत न्हाई.

"काहून?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. त्याला कळलं.

"अपनी बहन को विधवा कौन करेगा?" तो म्हणला. मग विचारलं, "तेरा कौन पकड़ता था?"

"बायको."

तो हसला, दात नव्हते. "खुद?" मग माझ्या तोंडाकडं पाहिलं अन् हसायचा थांबला. एक शंख उचलून उगीच पुसत बसला. मला वाटलं, तिनं तर तिचं काम पुरं केलं, मला बुडू दिलं न्हाई. मी अजून वरच हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधली माणसं समुद्रावर आंघोळीला उतरली. म्हातारा तिथंच होता. मी पंचा कमरेला बांधला, त्याला उपरण्याची गाठ मारली अन् उपरण्याचं टोक त्याच्या हातात दिलं. काही सांगावं लागलं न्हाई. त्यानं टोक मुठीला गुंडाळून घेतलं अन् माझ्या मागं पाण्यात उतरला. छातीएवढ्या पाण्यात जाऊन मी एकच बुडी मारली. खालची वाळू मुठीत घेतली. वर येईस्तोवर निम्मी वाहून गेली. वर आलो, तर कुणी काही विचारलं न्हाई. म्हातारा नुसतं उपरणं ओढून धरून उभा होता.

अंग पुसून मी पोरगीला फोन लावला.

"मोती न्हाई भेटला. नवमीला नथ आहे तशीच घाल."

"मोडकी? बाबा, बाया काय म्हणतील?"

"म्हणू दे. मागच्या वेळी मी त्यांचंच ऐकलं. तुझ्या आईचा मोती हिरीत हाय, कुठं गेलेला न्हाई. त्याच्या जागेवर दुसरा काहून बसवायचा?"

पोरगी म्हणली, "चहा पेलात का?"

न्हाई पेलो, म्हणलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता. उपरणं पिळून खिडकीच्या गजाला बांधलं, पिशवी तिच्या जागेवर ठेवली अन् बसलो.