राबाच्या कोपऱ्यातलं मुंगूस

पाहुणे आले की आमची परसातली बाग बघायला मागतात. झाडाखाली ठेवलेली पाण्याची परळं, बुलबुलांची जा-ये, कुंपणावर वाढू दिलेलं रान बघून म्हणतात, "तुमच्या हाताला गुण आहे हो." माझ्या हाताचा गुण मला चांगला ठाऊक आहे. तो घरात आणखी दोघांना ठाऊक असायला हवा होता, पण कळला एकीलाच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. मोठा भाऊ शेती बघायचा आणि मी आठवडाभर कल्याणला राहून एका कचेरीत फायली इकडच्या तिकडे करायचो. रविवारी आटगावला उतरून घरी. एका रविवारच्या पुरवणीत मी लेख वाचला: घरामागचा एक कोपरा तसाच सोडा, पालापाचोळा साठू द्या, जीवजंतू आपणहून राहायला येतात. ज्याला भेंडीचं आणि अंबाडीचं रोप वेगळं ओळखता येत नाही, त्याला असा लेख फार पटतो. त्यात करायचं काहीच नसतं.

कोपराही मी नेमका राबाचा निवडला. राब म्हणजे पावसाआधी भाताच्या रोपांची जागा भाजून घ्यायची. शेण, फांद्या, पाला पसरायचा, वर थोडी माती टाकायची आणि विस्तव लावायचा. त्या राखेत भात पेरायचं.

"हितं नाय भाजायचं?" दादा म्हणाला. "मंग भात काय तुझ्या कचेरीत पेरू?"

"ओढ्याकडच्या तुकड्यात कर ना. एका कोपऱ्याचा तर प्रश्न आहे."

भाकरी थापता थापता वहिनी म्हणाली, "करा हो भाऊजींच्या मनासारखं. शिकलेलं मानूस हाय, पाचोळ्याची पन पूजा करंल."

दादा हसला आणि कबूल झाला. मी शिकलेला म्हणून माझं ऐकायची त्या घराला वाईट खोड होती.

पाला साठला. सरडे आले, सापसुरळ्या आल्या, दिवाळीनंतर एक मुंगूस येऊन राहिलं. मी ते रविवारी बघायचो, दादा रोज. थट्टा करणारा हा माणूस सकाळी तांब्या घेऊन मागच्या पडवीत उभा राहायचा आणि लहानपणी आम्ही घालायचो तशी त्याला रामाची शपथ घालायचा, तोंड दाखव म्हणून. मुंगूस थांबून मागं बघायचं.

"बघितलंस? या घरात माझं ऐकनारं कोन तरी हाय."

उन्हाळ्यात त्याच्या मागून दोन पिल्लं निघाली. दादा ओरडला, "अरे, ही तर बाई निघाली!" आणि मग गावभर सांगत सुटला, जणू लेक बाळंतपणाला आली होती.

त्याच वैशाखात ओढ्याकडच्या राबाला पाला कमी पडला. परसात एवढा ढीग असताना दादा डोंगरावर ऐनाच्या फांद्या तोडायला चढला. आधी कोयता खाली आला, मग दादा. खुब्याचं हाड मोडलं. शहापूरच्या दवाखान्यातून आणून त्याला माजघरात खाटेवर ठेवला तेव्हा पाऊस तोंडावर होता.

"तो कोपराच भाज आता," तो मला म्हणाला. "पन आज नुसता ढीग काठीनं ढोस. जागा हालली का ती पिल्लं उचलून नेते. उद्या पसर, मंग भाज. कळलं?"

कळलं होतं. पण रजा एकाच दिवसाची होती. भात शिजलाय का बघावं तशी दोन-तीनदा काठी खुपसली आणि दुपारीच काडी लावली. पसरायचंही राहिलं. राब धुमसायला हवा. माझा भडकला.

मुंगूस बाहेर आलं. दहा-बारा हात पळालं, थांबलं आणि मागं वळून बघितलं. शपथ कुणी घातली नव्हती. मग ते पुन्हा धुरात शिरलं.

आत दादापर्यंत वास गेला होता. "आजच पेटवलंस?"

"ढोसलं होतं आधी. गेली निघून."

"पिल्लं?"

"तोंडात धरून नेली. मी बघितलं."

"नेनारच," म्हणून त्यानं डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला.

दुसऱ्या दिवशी राख वहिनीनं सारखी केली. काय सापडलं ते तिनं ना त्याला सांगितलं, ना मला. फक्त त्या दिवसापासून ती माझं ताट हातानं सरकवते आणि तशीच आत जाते. भाऊजी म्हणत नाही, टोमणाही मारत नाही.

रोपं त्या वर्षी फार छान आली.

दादा पुढं काठी घेऊन चालू लागला. राब पुन्हा त्या कोपऱ्यात झाला नाही, मी होऊ दिला नाही. पाला साठवला, परळं ठेवली, रान वाढवलं. सगळं आलं, मुंगूस सोडून. दादा अजून सकाळी मागच्या पडवीत खुर्ची कोपऱ्याकडे वळवून बसतो.

परवा म्हणाला, "मी तवा बाहेर असतो ना, शपथ घातली असती. जाताना तोंड दाखवून गेली असती रे."

मी परळात पाणी ओतत होतो. म्हटलं, "हो."