उजव्या बुटातली सुकतळी

बाबांचा उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर आखूड होता. लहानपणी झाडावरून पडले, हाड वेडंवाकडं जुळलं आणि पुढची साठ वर्षं त्यांनी ते निभावून नेलं. धारच्या एका मोच्याकडून ते उजव्या बुटासाठी चामड्याची सुकतळी बनवून घेत. टाचेखाली जाड, पुढे उतरती, बोटांच्या मुळाशी संपणारी. मोची तिला सुखतला म्हणायचा. "यात सुख कुठलं आलं, भिया?" असं बाबा त्याला दरवेळी विचारत. पण ती नसली की दहा पावलांत त्यांची कंबर धरायची. ती घालूनही ते जरा लंगडतच, एक पाऊल जड, एक हलकं.

ते गेले तेव्हा सगळं मीच केलं. एकुलती एक मुलगी, दुसरं कोण करणार? तेराव्याला गुरुजींना छत्री आणि जोडा देतात. गेलेल्या माणसाला वर्षभर चालायचं असतं, वाट तापलेली असते, त्याचे पाय पोळू नयेत म्हणून. माझा यावर काडीचा विश्वास नाही. तरी बाबांच्याच मापाचे नवे बूट आणले, आणि आपण किती नीट केलं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

नंतर आईला देवासला माझ्या फ्लॅटवर न्यायचं ठरलं. सामान भरताना ती खिडकीशी थांबली. बाबा सुकतळी रोज बुटातून काढून तिथे वाळत ठेवत.

"अगं, यांची सुकतळी तर इथंच राहिली. मग हे चालतील कसे?"

मी नको तेवढी ओरडले. म्हटलं, या वयात असलं काही डोक्यात घेऊ नकोस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आईने ती वस्तू पिशवीत टाकली.

तीन महिने बरे गेले. मग एका रविवारी दुपारी मी चहा टाकत होते आणि मागच्या खोलीतून बाबा चालत आले. एक पाऊल जड, एक हलकं. मी आधणात त्यांचं कपभर पाणी वाढवलंही. साखरेच्या डब्याला हात लागला तेव्हा कुठे आठवलं, बाबा आता नाहीत. मागे वळून पाहायचा धीर होईना. पाहिलं तर दारात आई होती, फिरायला जायचे कॅनव्हासचे बूट घालून.

"पाय जरा दुखतोय," ती म्हणाली. मी आणखी काही विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात ती जिन्यात दोनदा पडली. दुसऱ्या वेळी मनगट सुजलं. फिजिओथेरपिस्टने तिला बूट घालून एका सपाट पट्टीवर उभं केलं. पडद्यावर तळव्यांची चित्रं उमटली. जिथे भार जास्त तिथे लाल. डाव्या पायाची बाहेरची कड लालभडक होती आणि उजवा जेमतेम टेकल्यासारखा.

"आंटीजी, एक साइड ऊँची हो रही है आपकी. जूते में कुछ रखा है क्या?"

सुकतळी त्यानेच बाहेर ओढली. मग मला समजावलं. पाय सारखे असताना एक टाच उचलली की कंबर तिरपी होते, ती सावरायला पाठ वाकते, आणि तोल कुठे धरायचा तेच शरीराला उमगत नाही. आता पडल्या आणि खुबा मोडला, तर त्या परत उभ्या राहतीलच असं नाही.

घरी आल्यावर आईने कबूल केलं. "मी घालून चालते नं, तेवढं यांचं हलकं होतं. वर्षश्राद्धापर्यंत तर घालू दे."

"मी ती कचऱ्याच्या गाडीत टाकीन."

"टाक. मी बुटात कपड्याची घडी घालीन."

ती तसं करणार हे मला ठाऊक होतं. मला बाबांची नाही, तिची भीती वाटली. शेवटी तिनेच तोड काढली. गुरुजींना दिलेल्या जोड्यात सुकतळी गेली, की ती हे सगळं सोडून देईल. रविवारी आम्ही धारला गेलो.

गुरुजी ते बूट सकाळी फिरायला वापरत होते. बाबांना ओळखणारा माणूस, आईचं ऐकून हसले नाहीत. "द्या, वहिनी. टेन्शन कशाला घेता? पाच मिनिटांचं काम." त्यांनी उजव्या बुटात सुकतळी बसवली आणि अंगणातून फाटकाकडे निघाले.

फरशीवर तोच आवाज आला. आई उठून उभी राहिली. पाठमोरे गुरुजी, एक खांदा उतरलेला, आणि ते पाऊल. क्षणभर मीही हाक मारणार होते. फाटकाच्या पायरीशी त्यांचा तोल गेला, कडी हाताला लागली म्हणून ते वाचले.

"काढा ती," आई म्हणाली.

"अहो, सवय होईल."

"नको. तुमचे पाय सारखे आहेत. यांच्यासाठी मी तुम्हाला पाडू का?" मग, माझ्याकडे न बघता, "हळू जातील हे. घाई कुणाला आहे?"

गाडीत बसल्यावर मला रडू आवरेना. आईने माझा हात धरला. "तू कशाला वाईट वाटून घेतेस? तू विसरलीस, बस. मुद्दाम थोडीच केलंस."

मी विसरले नव्हते. तेराव्याच्या सकाळी ती सुकतळी मी हातात घेतली होती. घामाने काळी पडलेली, बाबांच्या टाचेचा खळगा पडलेली. दानात असली घाण वस्तू कशी द्यायची, चारचौघांत लाज वाटेल, म्हणून मीच ती परत खिडकीत ठेवली. आई आता नीट चालते. तिला हे मी सांगितलेलं नाही.