जोडवं पायात जातं का?

जळगावच्या एका हॉस्पिटलात माझं काम फोन करण्याचं. पूर्वी हृदयाचा पेशंट जितक्या वेळा भरती होई, तितक्या वेळा सरकारी योजनेतून पैसे मिळत. आता एका पेशंटचे वर्षाचे एकदाच मिळतात. तो पुन्हा इमर्जन्सीत आला तर खर्च हॉस्पिटलचा. त्यामुळे घरी गेलेल्यांची आम्हाला एकदम काळजी वाटू लागली.

समोरासमोर बोलणं मला जड जातं, म्हणून हे काम मी मागून घेतलं. प्रश्न छापील होते, इंग्रजीतून मराठीत आणलेले. "आपणांस श्वसनास त्रास जाणवतो का?"

चोपड्याकडच्या एका अक्का म्हणाल्या, "कोन बोलस? बँकवाली का?" हॉस्पिटल म्हटल्यावर, "बठ्ठं बरं शे, माय. तू जेवनी का?"

दर वेळी बठ्ठं, म्हणजे सगळं, बरं. आणि एका दुपारी अक्का धापा टाकत स्ट्रेचरवर आल्या. पाय सुजून टरटरलेले. सून म्हणाली, "फोनवर बरं आहे असंच सांगायचं असतं ना, ताई. जोडवी तर कधीची जात नव्हती. नाना, म्हणजे माझे सासरे, हयात असताना पाय मोकळे दिसायला नकोत, म्हणून उन्हातही मोजे घालून बसायच्या."

या खेपेला वाचल्या. डॉक्टर म्हणाले, पायांवर सूज दिसली की लगेच आणा.

तेव्हापासून मी छापील प्रश्न सोडला. "अक्का, जोडवं गेलं का पायात?"

"गयं, गयं. तुनं लगीन झायं नही, तुले जोडवानं काय कयस?"

बैठकीत साहेब विचारतात, इमर्जन्सी कमी झाल्या का, खर्च उतरला का. मला सांगता येत नाही. काहीजण फोनच उचलत नाहीत. काहीजण दम लागला की गावातल्याच दवाखान्यात जातात, ते आमच्या हिशेबात येत नाहीत. दिवसभर फोनवर विचारून झाल्यावर संध्याकाळी घरी कोणी काही विचारलं तरी मला नको वाटतं.

परवा अक्का म्हणाल्या, "बरं शे." पण आवाज अडखळला. मी गप्प राहिले. ते मला जमतं.

"डावं नही गयं," त्या शेवटी म्हणाल्या. "नानाले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सून त्यांना एसटीनं घेऊन आली. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि भरती न करताच घरी पाठवलं. निघताना अक्कांनी पदराच्या गाठीतलं जोडवं मला दाखवलं.

"हाई गयं म्हंजे मीच फोन करसू. तू नको करू, फोन करी करी तुना आवाज बसी गया."